चांदी, बादशा आणि मधली जाळी

त्या दसऱ्याला आमचे आबा हिंगोलीच्या प्रदर्शनातून दोन गोष्टी घेऊन आले. एक पांढऱ्या उंदराचं पिल्लू आणि दुसरं माझं लग्न. पिल्लू धोतराच्या सोग्यात होतं, लग्न तोंडात होतं, आणि आबांनी आधी पिल्लूच बाहेर काढलं. त्यांच्या लेखी नवलाई कशाची जास्त होती ते यावरून कळावं.

साल अठ्ठ्याण्णव. हिंगोली जिल्हा अजून व्हायचा होता, आम्ही परभणीत मोडत होतो. सेनगावच्या अलीकडं आमचं गाव. मी राधिका, तेव्हा पंधरा वर्षांची, दहावीला, गणितात कच्ची आणि बोलण्यात पक्की. आज मी एसटीत कंडक्टर आहे. दिवसभर "पुढं सरका" म्हणून म्हणून माझा सूर जरा चढाच झालाय, तेवढं सांभाळून घ्या. पण ही गोष्ट माझी नाही, आबांची आहे. माझं त्यात फक्त लग्न होतं.

नामाजी पोले हे माझे आबा, वडिलांचे वडील. अंगानं काटक, आवाजानं दांडगे, आणि जनावर सोडून दुसऱ्या कुठल्याही विषयात त्यांना रस नव्हता. सगळा जन्म मेंढरांमागं गेला. दिवाळी झाली की कळप घेऊन विदर्भात उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. माझे वडील जन्मले तेव्हाही ते कळपाबरोबर वाशीमच्या पुढं कुठंतरी होते. मुलगा झाल्याचा निरोप घेऊन माणूस गेला, तर आबांनी त्याला आधी विचारलं म्हणे, की घरी ठेवलेली लंगडी मेंढी व्याली का. खरं-खोटं देव जाणे, पण सांगणाऱ्यानं आबांना बरोबर ओळखलं होतं.

एका बाबतीत मात्र आसपासच्या गावांत त्यांचा शब्द चालायचा. कुठली मादी कधी फळवायची, ते आबांना विचारावं. पाठ, म्हणजे अजून एकदाही न व्यालेली शेळी, अंगानं पुरी भरल्याशिवाय आबा तिच्याजवळ बोकड फिरकू देत नसत. तरण्या बोकडांच्या पोटाखाली ते गोणपाटाचा तुकडा बांधायचे. मग बोकड कळपात हिंडला काय आणि न हिंडला काय, सारखंच. लोक हसायचे, नामाजीनं बोकडाला लंगोट घातला म्हणायचे. आबा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "कवळ्या पाठीवर बोकड सोडनारा मेंढक्याच न्हाई. एक वेत जल्दी मिळंल, पर पाठ जलमाची खुरटंल. मरंल बी."

पुढं त्यांचे गुडघे गेले. चराईची रानं सोयाबीनखाली गेली. तेव्हा त्यांनी सगळा कळप नरसीकडच्या उकंडरावांना विकला. उकंडराव हे त्यांचे जुने दोस्त, तेही मेंढरंवाले. आबा दर थोड्या दिवसांनी जीपनं त्यांच्याकडं जायचे, वरवर दोस्ताला भेटायला. खरं म्हणजे घाईघाईनं चहा पिऊन मेंढवाड्यात शिरायचे आणि एकेका मेंढीची चौकशी करून यायचे. आमच्या दारात उरल्या दोन शेळ्या, आणि घरात उरले रिकामे आबा.

रिकामा माणूस काय करतो? स्वयंपाकात लक्ष घालतो. कालवणात मीठ किती, चुलीत लाकूड किती, भाकरी कुठून करपली. माझी आई कौशल्याबाई सहनशील, पण तिलाही जीभ होती. अडचण अशी, की आमच्याकडं सुनेनं सासऱ्याशी तोंडावर बोलायचं नसे. काही सांगायचं तर तिसऱ्याच्या तोंडून. तिसरं माणूस दर वेळी कुठून आणायचं? आईनं त्यावर तोड काढली होती. दारात बांधलेल्या मैना नावाच्या शेळीशी ती बोलायची.

"मैना," आई भाकरी थापता थापता म्हणायची, "मीठ जास्त झालं म्हनं. मंग चुलीपाशी येऊन वास घ्यावाच काहून?"

आबा ओसरीवरून तिलाच उत्तर द्यायचे. "मैना, तुज्या मालकिनीला म्हनावं, मला मेंढरं न्हाई आता. मानसानं दिसभर बघावं तरी काय?"

मैना दोघांकडं बघत रवंथ करायची. मी लहानपणापासून हे बघत आल्यामुळं मला त्यात काही वेगळं वाटत नसे. सासर म्हटलं की मध्ये एक शेळी असतेच, असं मी धरून चालले होते.

तर त्या संध्याकाळी आबा प्रदर्शनातून आले, ओसरीवर बसले आणि सोगा उघडला. आत कापसाच्या बोंडाएवढं पांढरं पिल्लू, लाल डोळ्यांचं, थरथरणारं. प्रदर्शनात एक माणूस चाकावर पळणारे पांढरे उंदीर दाखवायचा आणि विकायचाही. आबांनी त्या गर्दीतलं सगळ्यात लहान, मोठ्यांच्या पायाखाली तुडवलं जाणारं पिल्लू उचललं होतं.

"आबा, घरात सोयाबीनची पोती हायेत," माझे वडील प्रभू म्हणाले. "आमी उंदराला औषध ठिवून राहिलो अन् तुमी उंदीर आनून राहिले."

"हा उंदीर न्हाई," आबा म्हणाले. "मादी हाय."

मग जीपचं भाडं सांगावं तशा सुरात त्यांनी पुढचं सांगितलं. "अन् आपल्या राधीची सुपारी फोडली. उकंडराव भेटला तितंच. त्याच्या धाकट्या पोरासंगं. पौष गेला की माघात उरकून टाकू."

आई घागरीतून पाणी ओतत होती, ती थांबली. घागर खाली ठेवून शेळीकडं वळून म्हणाली, "मैना, राधिकाची दहावीची परीक्षा मार्चात हाय."

"मैना, दहावी काय कुटं पळून चालली का?" आबा खुशीत होते. "मेंढरं बी तितंच अन् नात बी तितंच. मला एका चकरात दोनी भेटतेन."

बघा, या हिशोबात मी मेंढरांच्या नंतर येत होते. वडील गप्प राहिले, ते आबांपुढं कायमच गप्प असत. मी मात्र आतल्या खोलीत जाऊन रडले आणि जेवले नाही. मला दहावी व्हायची होती. पुढं काय करायचं ते ठरलं नव्हतं, पण दहावीच्या आधी दुसऱ्याची चूल नको, एवढं मला पक्कं माहीत होतं. ते ऐकायला कोणी रिकामं नव्हतं. आबा उंदराला शेंगदाणा भरवत होते.

पिल्लाचं नाव त्यांनी चांदी ठेवलं आणि तिच्या घरासाठी दुकानातून चहाची लाकडी पेटी आणली. आत कडब्याची कुट्टी अंथरली. सकाळी पेटीला कोपऱ्यात बोगदा आणि चांदी ज्वारीच्या कणगीत. आई कणगीत हात घालायला आणि चांदी वर यायला एकच गाठ पडली. आईनं मैनाला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मेंढरू लाकूड खात नाही, त्यामुळं आबांच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. मग तेलाचा पत्र्याचा मोठा डबा आडवा पाडला, तोंडाला सोयाबीनच्या चाळणीची जाळी ठोकली. आत फुटक्या गाडग्याचा तुकडा पालथा घातला, लपायला. पाण्याला पणती. आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी, पांघरायला. गाव बघायला यायचं. बाया गणपतीचं वाहन म्हणून कुंकू लावू पाहायच्या आणि आबा त्यांच्यावर खेकसायचे, "तिच्या डोळ्यात जाईल नं ते!"

पण चांदी कोपऱ्यात बसून राहायची. शेंगदाणा ओढून नेईना. आबांनी दोन दिवस बघितलं आणि रोग ओळखला. "एकटं मेंढरू कवाच चरत न्हाई. हिला संगत पायजे." प्रदर्शन अजून उठलं नव्हतं. आबा परत हिंगोलीला गेले. त्यांना दुसरी मादीच हवी होती, पण लहानांत फक्त नर उरले होते. आबांना नर-मादी ओळखायला चष्मा लागत नसे, शेपूट उचललं की झालं. त्यांनी एक गुबगुबीत नर घेतला. परत आल्यावर त्या उंदीरवाल्या दुकानदाराची नक्कल करून त्यांनी आम्हाला हसवायचा प्रयत्न केला.

"मला म्हनतो, चचा, दोनों कू एक डब्बे में नक्को रखो, ये लोगां जल्दी बड़े होते. मला सांगतो! मी जलमभर नर-मादी सांभाळली."

नराचं नाव बादशा. आबांनी त्याला एकदम चांदीच्या डब्यात टाकलं नाही, आणि इथं त्यांचं सगळं जन्माचं कसब कामाला आलं. एखाद्या मेंढीचं कोकरू मेलं आणि दुसरं पोरकं कोकरू तिच्याखाली लावायचं असलं, तर ती त्याला लाथा घालते. मग मेंढक्या तिचाच वास त्या कोकराला चोळतो आणि दोघांना जाळीच्या अल्याड-पल्याड बांधतो. वास ओळखीचा झाला की मेंढी आपोआप चाटायला लागते. आबांनी तेच केलं. डब्याच्या मधोमध जाळी बसवून दोन खोल्या केल्या, एकीकडं चांदी, दुसरीकडं बादशा. रोज सकाळी हिच्या खालची कुट्टी त्याच्याकडं आणि त्याच्या खालची हिच्याकडं. चिंध्यांचीही अदलाबदल. पहिल्या दिवशी बादशा जाळीशी आला की चांदी दात दाखवायची. मग नाकाला नाक लावायला लागली. मग दोघं जाळीच्या दोन बाजूंना अंग टेकून झोपायला लागली.

"आता भेट घालू," एक दिवस आबा म्हणाले. पण डब्यात नाही. डबा चांदीचा, ती तिथं मालकीण. भेट कोणाच्याच नसलेल्या जागी व्हावी. आबांनी आईची पीठ मळायची परात उचलली, ओसरीवर ठेवली, मधोमध शेंगदाणे आणि गुळाचा खडा. दोघांना एकदमच सोडलं आणि स्वतः अंतरावर उकिडवे बसले. मी पुस्तक बाजूला ठेवून बघत होते. बादशानं चांदीला हुंगलं, चांदीनं त्याला उलटं पाडलं, मग दोघांनी मिळून गूळ संपवला. आबांचा चेहरा सोयरीक जमल्यासारखा फुलला.

"पसंत हाय," ते म्हणाले.

आई दारात परातीची वाट बघत उभी होती. "मैना," ती म्हणाली, "उंदराच्या पोरीला परातीत बसवून नवरा दाखवला. माझ्या पोरीनं तर त्याचं नाकसुद्दा बघितलं न्हाई."

आबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि मैनाला काहीच उत्तर दिलं नाही. असं क्वचितच व्हायचं.

त्याच संध्याकाळी आबांनी मधली जाळी काढली. चांदी त्याच्या निम्मी होती. आईकडून मैनाच्या कानावर गेलं, की ज्याचं जनावर त्यानं काही सांगितलं असेल तर ऐकावं माणसानं. यावर मात्र आबांनी मैनाला चांगलं फैलावर घेतलं. "लेकरं हायेत ती अजून. खेळतेन. बोकड सुदीक सा महिन्याशिवाय बोकड न्हाई होत. सा महिन्याला बघू, जाळी काय पळून चालली?" आबांच्या डोक्यात घड्याळ शेळीचंच होतं. माझी दहावी पळून जात नव्हती, जाळी पळून जात नव्हती, सगळं आपापल्या जागी थांबून होतं त्यांच्या मते.

दिवाळी झाली. घरात माझ्या लग्नाची गडबड सुरू झाली. उकंडरावांच्या घरून साड्यांचा रंग विचारायला माणूस आला. मी डब्याशेजारी बसून भूमिती पाठ करायची, कारण घरात तेवढाच कोपरा होता जिथं लग्नाचं बोलत नसत. चांदी जाळीतून माझ्या वहीचा कोपरा कुरतडायची. खरं सांगते, मला ती दोघं फार आवडायला लागली होती. बादशा आडदांड आणि भित्रा. चांदी बारकी आणि दांडगी. शेंगदाणा दोघांना दिला तर दोन्ही चांदीकडं सापडायचे. पुढं ती गोल दिसायला लागली तेव्हा आबा माझ्याकडं बघून म्हणाले, "बघ, संगत मिळाली तशी अंग धरून राहिली."

अंग धरत नव्हती ती. एके दिवशी सकाळी, थंडीत, आबांनी चांदीला हातात घेतलं आणि पोटावरून अंगठा फिरवला. आयुष्यभर हजारो पोटांवरून फिरलेला अंगठा. त्यांचा चेहरा पडला. बादशाला उचलून त्यांनी दुसऱ्या डब्यात टाकलं, काढलेली मधली जाळी शोधून आणून त्याच्या तोंडाला ठोकली, खिळा दोनदा वाकला. वेळ कधीच निघून गेली होती. पण आबा ठोकत राहिले.

त्यानंतर ते डब्यापाशीच असत. दूध-भाकरी कुस्करून चांदीपुढं ठेवायचे, गुळाचं पाणी पणतीत. लेकरू सांभाळावं तसं सांभाळलं. पण तिचं स्वतःचंच अंग अजून वाढायचं होतं. तिची वेळ आली तेव्हा सकाळ होती, मी शाळेला निघाले होते. चांदी गाडग्याखाली तडफडत होती. आबा ओसरीवर पालथे पडून जाळीतून बघत होते. एक पिल्लू आलं, पुढचं अडलं. ज्या हातांनी अडलेल्या मेंढ्या सोडवल्या होत्या त्या हातांचं बोट तिथं पुरत नव्हतं. ऊन ओसरीवर यायच्या आत चांदी गेली. आलेलं पिल्लूही थोड्याच वेळात गेलं. मी शाळेत गेले नाही.

आबांनी परसात शेवग्याखाली खड्डा केला. उंदरासाठी खड्डा करणारा आमच्या गावातला तो पहिलाच माणूस असेल, पण कोणी हसलं नाही. मग ते ओसरीवर येऊन बसले. भाकरी वाढली, हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"माज्या हातानं कवळी पाठ मारली," ते कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाले. "जलमभर जे न्हाई केलं ते केलं. इकनाऱ्यानं सांगितलं व्हतं. मैनेनं सांगितलं व्हतं."

आई चुलीपुढून उठली. मला वाटलं शेळीकडं जाईल. ती गेली नाही. पदर डोक्यावरून नीट घेतला, ओसरीवर आली आणि आबांच्या समोर उभी राहिली.

"आबा," ती म्हणाली.

दोर वळता वळता वडिलांचा हात थांबला. मी आईला त्यांना हाक मारताना त्याआधी कधीही ऐकलं नव्हतं. आबांनी मान वर केली नाही.

"आबा, मी ह्या घरात आले तवा तेरा वर्साची व्हते. पह्यलं लेकरू झालं तवा चौदाची. ते राह्यलं न्हाई. मी बी जाता जाता राह्यले. तुमी तवा मेंढरांमागं व्हता, बोकडांना गोनपाट बांधून. पाठींची काळजी केली, बराबर केली. माजी कोनी केली न्हाई. मी आजवर बोलले न्हाई, अन् मला ते बोलायचं बी न्हाई." तिनं घसरलेला पदर पुन्हा डोक्यावर ओढला. "राधिकासाटी मधी जाळी लावा. येवढंच."

आणि ती आत जाऊन भाकरी थापायला लागली. माझ्या आधी एक भावंड होतं हे मला त्या दिवशी कळलं. मी आईच्या शेजारी जाऊन बसले आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. ती म्हणाली, "बाजूला हो, पीठ लागंल."

आबा बराच वेळ रिकाम्या डब्याकडं बघत बसले. मग उठले, फेटा बांधला, काठी घेतली आणि सडकेकडं चालू लागले. दोन दिवसांचा उपाशी माणूस. वडील मागून विचारत होते, कुठं निघालात, कुठं निघालात. आबांनी हात हलवला फक्त.

ते उकंडरावांकडं गेले होते. तिथं काय झालं ते पुष्कळ वर्षांनी त्यांनी मला सांगितलं. उकंडरावांनी चहा सांगितला. आबा बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "उकंडराव, माजी नात कवळी हाय. माघात लगन न्हाई. चार-पाच वर्सं थांबत असशील तं बघू."

"सुपारी फोडली तवा काय म्हातारी व्हती?" उकंडराव म्हणाले.

"तवा मला दिसली न्हाई."

"अन् आता कोनी दाखवली?"

"उंदरानं," आबा म्हणाले.

उकंडरावांना ती थट्टा वाटली. गावात पत्रिकांची बोलणी झालेली, सोयऱ्यांना निरोप गेलेले, आणि हा माणूस उंदराचं नाव सांगतो. ते भडकले. बाजारात नामाजी पोल्याचा शब्द म्हणजे शब्द असं लोक म्हणत होते, आता काय म्हणतील, असं म्हणाले. आबा म्हणाले, "जे म्हनायचं ते म्हनू दे." मग उकंडरावांनी शेवटचं सांगितलं, की आजपासून मेंढरं बघायलाही यायचं नाही. आबांनी मान हलवली. परत निघताना वाट मेंढवाड्यावरूनच होती. आबा खाकरले असतील किंवा काठी वाजली असेल. मेंढरांनी त्यांना ओळखलं आणि सगळी एकदम ओरडायला लागली. "मी बघितलं न्हाई," आबा मला म्हणाले. "बघितलं असतं तं पाय निघाला नसता."

त्या दिवशी दिवेलागणीला ते घरी आले. पाय धुतले. ओसरीवर बसले. मग त्यांनी दाराकडं तोंड केलं.

"मैना," ते म्हणाले, "तुज्या मालकिनीला सांग. जाळी लावून आलो."

आत भांड्यांचा आवाज थांबला. मग आई म्हणाली, "मैना, म्हनावं ताट वाढलंय. निवू देऊ नका."

आबा त्या दिवशी पोटभर जेवले. मीठ कमी आहे असंही म्हणाले.

मार्चात मी दहावीची परीक्षा दिली आणि जूनमध्ये पास झाले. गणितात देवाच्या आणि तपासणाऱ्याच्या कृपेनं. हिंगोली जिल्हा त्याआधीच मेमध्ये झाला होता, तरी माझ्या पास होण्यामुळंच तो झाला असं आबा गावभर सांगत सुटले. उकंडरावांच्या धाकट्याचं लग्न त्याच माघात दुसरीकडं झालं. बाजारात आबांना लोक शब्दाचे कच्चे म्हणायचे. ज्यांच्या शेळ्या फळवायच्या असत ते मात्र गुपचूप येऊन विचारून जायचे. बादशा एकटा पडला तेव्हा आबांनी पुढच्या दसऱ्याला त्याच दुकानदाराकडून संगत आणली. नर. तीनदा शेपूट उचलून बघून. त्या दोघांचीही जाळी, कुट्टीची अदलाबदल, परातीतली भेट सगळं रीतसर झालं. दुकानदाराला आबांनी विचारलं म्हणे, "अजून काई सांगायचं ऱ्हायलं का? सांग, ऐकतो."

मैना म्हातारी होऊन मेली तेव्हा आई आणि आबा दोघांचीही फार पंचाईत झाली. दुसरी शेळी नवखी होती, ती मध्येच उठून जायची. शेवटी नाइलाजानं दोघं एकमेकांशी बोलायला लागले. आधी तुटक, मग चांगले तासन्‌तास भांडायचे.

दोन हजार सहात मला बघायला आखाडा बाळापूरहून स्थळ आलं. मुलगा राम, पाणी ओढायच्या मोटारी दुरुस्त करायचा. मी बी.ए. होऊन एसटीत लागायच्या खटपटीत होते. आबा तेव्हा ओसरी सोडत नव्हते, नजर अधू झाली होती. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, नाव-गाव विचारलं, आणि आता उठायचं म्हणाले तोच आबांनी काठी आपटली.

"बसा. पोरांची भेट झाली न्हाई अजून. अन् घरात नको, घर तिचं हाय. शेवग्याखाली बसवा."

पाहुणे एकमेकांकडं बघू लागले. आम्हाला शेवग्याखाली बसवण्यात आलं. मध्ये आईची परात, परातीत शेंगदाणे आणि गूळ. आबांनी खाट अंतरावर टाकून घेतली आणि दुसरीकडं तोंड करून बसले. राम आधी लाजला. मग त्यानं विचारलं, नोकरी लागली तर ती सोडायला कोणी सांगेल, असं तुम्हाला वाटतं का. मी म्हटलं, वाटतंयच. तो म्हणाला, मी सांगणार नाही. मग बराच वेळ आम्ही बोललो. गूळ कधी संपला कळलं नाही. त्यानंतरही तो दोनदा आला, आणि दोन्ही वेळा परात निघाली.

तिसऱ्या वेळी आईला राहवेना. ती दारातून बाहेर आली आणि खाटेपाशी जाऊन म्हणाली, "आबा, किती बोलतेन ती? सुपारी फोडायची का न्हाई आता?"

आबांनी अधू डोळे आमच्याकडं वळवले. काही दिसत नसणार त्यांना, पण ऐकत राहिले जरा वेळ.

"गडबड नको, कौसा," ते म्हणाले. "जाळी राधी काढंल. तिला वाटंल तवा."